पुढची तारीख

मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. हिशोब लिहून ठेवायची सवय हाताला आहे, म्हणून लेक दहा दिवसांची असताना तिच्या नावाने एक वही घातली. डाव्या पानावर तारीख आणि काय झालं ते, उजव्या पानावर खर्च. गेल्या महिन्यात सरकारी दवाखान्याच्या बाकावर एक मुलगी भेटली. वय तेवीस-चोवीस, मांडीवर दीड महिन्याचं बाळ आणि हातात आम्हाला चार वर्षांपूर्वी मिळाला होता तसलाच डाऊन सिंड्रोमचा रिपोर्ट. तिने एकच विचारलं, "ताई, आता ह्याच्या पुढं काय करायचं असतं?" अर्ध्या तासात जमेल तेवढं सांगितलं. राहिलेलं इथे लिहिते. मी डॉक्टर नाही. आमच्या घरी जे झालं ते, वहीत बघून लिहितेय.

लेकीचं कागदावरचं नाव इथे लिहीत नाही. ती जन्मली १३ सप्टेंबर २०२१ ला, गौरीपूजनाच्या दुपारी, म्हणून घरात तिला गौराई म्हणतात. मीही तेच म्हणते.

गरोदरपणात सगळं नीट होतं. माझं वय तेव्हा सत्तावीस. तिसऱ्या महिन्याची सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ताची चाचणी झाली होती आणि रिपोर्टवर 'लो रिस्क' असं छापलेलं होतं. ही चाचणी चाळणीसारखी असते, निदान नसतं, आणि चाळणीतून काही दाणे निसटतात, हे मला नंतर कळलं. "टेस्ट केल्या नव्हत्या का?" असं आजही कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून आधीच सांगून टाकते. केल्या होत्या.

बाळंतपण तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात झालं. करोनाचे दिवस, बाईजवळ एकच माणूस थांबू द्यायचे. पहिल्या दिवशी माझ्याजवळ सासूबाई, म्हणजे आमच्या आई होत्या. बाळ फार रडत नव्हतं आणि अंगाने मऊ होतं, उचललं की हातातून ओघळल्यासारखं वाटायचं. आई म्हणाल्या, "गुणाची हाय, त्रास देत न्हाई." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लहान मुलांच्या डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाहेर बोलावलं आणि जिन्यापाशी दोन मिनिटांत सांगितलं, की डाऊन सिंड्रोमचा संशय आहे, अशी मुलं मतिमंद असतात, फार अपेक्षा ठेवू नका. आणि मिसेसना इतक्यात सांगू नका, दूध आटेल.

तो तीन दिवस एकटाच ते घेऊन फिरला. मला एवढंच दिसायचं, की हा बाळाच्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यातली फट परत परत बघतोय. मला वाटलं, पहिलटकर बाप आहे, बोटं मोजतोय.

मला कळलं ते डिस्चार्जच्या कागदावरून. मी कागद वाचणारी बाई आहे, सही करायच्या आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. निदानाच्या रकान्यात पेनाने प्रश्नचिन्ह आणि पुढे 'टी २१' असं लिहिलेलं. मला वाटलं कॉट नंबर. एकविसावं गुणसूत्र जास्तीचं, म्हणजेच डाऊन सिंड्रोम, हा त्याचा अर्थ नंतर कळला. सिस्टरला विचारलं तर तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याने खाली.

हे वाचणारं कुणी डॉक्टर किंवा नर्स असेल तर हात जोडून सांगते, आईबापांना एकत्र बसवून सांगा, बाळ त्यांच्या मांडीवर असताना सांगा, आणि दाराला कडी लावून सांगा. दूध आटायचं असेल तर ते असंही आटतं. माझं काही आटलं नाही.

घरी आल्यावरचे पंधरा दिवस वहीत जवळजवळ कोरे आहेत. बारसं पुढे ढकललं. बघायला येणाऱ्या बायका झोळीत डोकावायच्या आणि मग आवाज खाली घ्यायच्या. शेजारच्या काकूंनी १० जूनच्या सूर्यग्रहणात मी भाजी चिरल्याचं शोधून काढलं. ते ग्रहण आमच्याकडून दिसलंही नव्हतं, आणि गुणसूत्रांचं जे व्हायचं ते गर्भ राहतानाच होऊन जातं, भाजीच्या कितीतरी महिने आधी. हे मी आता हसत लिहिते. तेव्हा रात्री अंथरुणात पडून खरंच आठवत बसायची, की त्या दिवशी भेंडी होती की गवार.

रात्री मोबाईलवर वाचायचे. त्यात ह्या मुलांचं आयुष्य पंचवीस वर्षांचं असतं असं कुठेतरी वाचलं आणि तेच डोक्यात रुतून बसलं. तो आकडा अमेरिकेतला, १९८३ च्या सुमाराचा होता. हृदयाची ऑपरेशनं वेळेवर व्हायला लागल्यावर तिथे तोच आकडा साठच्या आसपास गेला. वाचायचं असेल तर लेखावरची तारीख आधी बघा.

पहिलं खरं काम निघालं ते टूडी एकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं. ह्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो, आणि स्टेथोस्कोपने तो ऐकू येईलच असं नाही. म्हणून बाळ कितीही ठणठणीत दिसलं तरी एको करायचाच. आमचा झाला २२ सप्टेंबरला, १,५०० रुपये. चार कप्प्यांच्या मधोमध, जिथे भिंती आणि झडपा एकमेकांना मिळतात, तिथेच मोठं भोक होतं. कागदावर 'कम्प्लीट एव्हीएसडी'. डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढून समजावलं. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं, उशीर झाला तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कायमच्या खराब होतात आणि मग ऑपरेशनही करता येत नाही. विचित्र वाटेल, पण त्या दिवशी परत येताना मी पहिल्यांदा पोटभर जेवले. काहीतरी करण्यासारखं मिळालं होतं.

त्याच आठवड्यात कॅरिओटाइपसाठी रक्त दिलं. नमुना पुण्याला जातो, पेशी वाढवून मग गुणसूत्रं मोजतात, म्हणून वेळ लागतो. आमचे २४ दिवस गेले आणि ३,८०० रुपये. "चेहऱ्यावरून कळतंय की, कशाला पैसे घालवताय" असं एका ओळखीच्या डॉक्टरांचं मत पडलं, पण ही तपासणी टाळू नका. बहुतेक मुलांत एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रं दोनाऐवजी सुटी तीन असतात. थोड्या मुलांत तो जास्तीचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो, आणि तो प्रकार कधी कधी आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. पुढच्या मुलाचा विचार करताना हे माहीत असावं लागतं. आमचा साधा प्रकार निघाला. पुन्हा तसंच व्हायची शक्यता शंभरात एकाच्या आसपास, असं समुपदेशक बाईंनी सांगितलं.

रिपोर्ट आला १४ ऑक्टोबरला. खंडेनवमी होती. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पक्कड, हातोडी, वाइंडिंगचं मशीन धुऊनपुसून मांडलेलं, झेंडूचे हार तयार. रिपोर्ट मोबाईलवर आला आणि त्याने तो मशीनला हार घालता घालता वाचला. '४७, एक्सएक्स, +२१', म्हणजे मुलगी, एकविसावं गुणसूत्र एक जास्त. मग त्याने उरलेली पूजा पूर्ण केली आणि एक हार घरी आणून पाळण्याला बांधला. ह्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. पुढच्या रविवारी बारसं केलं.

ऑपरेशनपर्यंतचे चार महिने दूध पाजण्यात गेले. गौराईला ओढून पिता यायचं नाही. दोन घोट प्यायली की कपाळावर घाम, छातीचा भाता, आणि दमून झोप. दूध काढून मी बोंडल्याने पाजायचे, दर दोन तासांनी तीस मिली. बोंडलं आईंनी माळ्यावरून काढून दिलं, माझ्या नवऱ्याचं चांदीचं. हृदयावरचा ताण कमी व्हावा म्हणून लघवीच्या औषधाचे थेंब होते. वजन महिन्याला तीनशे-चारशे ग्रॅमने सरकायचं. इतर बाळांच्या तक्त्यावर तिचा ठिपका कुठेच बसेना, तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिचं वजन तिच्याच मागच्या वजनाशी ताडून बघा. ते मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलंय.

नोव्हेंबरपासून एसटीचा संप. तो पुढे एप्रिलपर्यंत चालला. तपासणीला जायचं म्हणजे वडाप. दहा जणांच्या गाडीत चौदा माणसं, तोंडाला मास्क, आणि मी बाळाला पदराखाली घेऊन खिडकीशी.

ऑपरेशनचा खाजगी अंदाज साडेतीन लाखांच्या पुढे होता. आमचं रेशनकार्ड केशरी, म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलो. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचं टेबल असतं. डॉक्टरांच्या रांगेत उभं राहायच्या आधी तिथे जा. गौराईचं नाव रेशनकार्डावर चढलेलं नव्हतं. आमच्याकडून जन्मदाखला, माझा नि तिचा एकत्र फोटो, आमची आधारकार्डं आणि एकोचा रिपोर्ट घेतला. नगरपालिकेतून जन्मदाखल्याच्या पाच प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या, त्यातल्या चार लागल्या. मंजुरी यायला नऊ दिवस. तारीख मिळाली १८ जानेवारी, पण तेव्हा करोनाची तिसरी लाट आली आणि गौराईलाही सर्दी. तारीख पुढे गेली. त्या तीन आठवड्यांत मी नवऱ्याशी सगळ्यात जास्त भांडले, त्याने काहीही केलेलं नसताना.

९ फेब्रुवारी २०२२, पुणे. वजन ४ किलो १०० ग्रॅम. सकाळी सात वाजता आत नेली. मी तिचं दुपटं छातीशी धरून बसले होते आणि शेजारी एक आजोबा पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. त्यांचा नातू आत होता. मध्येच त्यांनी विचारलं, "चार अक्षरी, पहिलं अक्षर 'स'." मी म्हटलं, "सबुरी तीन अक्षरी होते." ते म्हणाले, "हो ना." एवढंच बोलणं झालं. सव्वादोनला डॉक्टर बाहेर आले, भोक बुजवलं होतं, झडप दोन भागांत नीट केली होती. दोन दिवस व्हेंटिलेटर, सहा दिवस आयसीयू, २३ फेब्रुवारीला घरी. रुग्णालयाचं बिल शून्य. आमच्या खिशातून गेले ३१,४०० रुपये. त्यात आधीच्या तपासण्या, धर्मशाळेचे रोजचे शंभर, जेवण आणि गाडीभाडं. रक्तासाठी नवऱ्याचे चार मित्र गावाहून येऊन गेले, ते कुठल्या पानावर लिहिणार?

घरी आल्यावर चौथ्या दिवशी तिने न थांबता साठ मिली दूध संपवलं आणि आणखी पाहिजे म्हणून रडली. जोरात. आई स्वयंपाकघरातून धावत आल्या. आमच्या घरात मूल असं रडलेलं तोपर्यंत कुणी ऐकलंच नव्हतं.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं एक केंद्र असतं, त्याला सगळे डीईआयसी म्हणतात. फिजिओथेरपी, वाचा, कान, डोळे, मानसतज्ज्ञ, सगळं एका छताखाली आणि फुकट. आमच्या तालुक्यात हे कुणाला माहीत नव्हतं. मला सांगितलं अंगणवाडी तपासायला येणाऱ्या पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी. १२ एप्रिल २०२२, मंगळवार, आम्ही पहिल्यांदा गेलो. गौराई सात महिन्यांची, मान अजून डुगडुगती.

फिजिओथेरपिस्ट मॅडम माझ्याहून लहान असतील. त्यांनी गौराईला सतरंजीवर पालथी घातली, छातीखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली, समोर स्टीलची वाटी वाजवली. मान वर आली, तीन सेकंद. मॅडमनी मला ना धीर दिला, ना भविष्य सांगितलं. "दिवसातून सहा वेळा, दोन-दोन मिनिटं," म्हणाल्या आणि हिरव्या कार्डावर 'पुढील तारीख' असा रकाना होता, तिथे १९ एप्रिल लिहिलं. खरं तर शुक्रवारी बोलवायचं होतं, पण गुड फ्रायडेची सुट्टी होती.

जन्मापासून मला जो तो पुढचं सांगत होता, पण ते तीस-चाळीस वर्षांपुढचं. तुम्ही गेल्यावर हिला कोण बघेल, लग्नाचं काय, पाळी आल्यावर काय. कार्डावर एक आठवडा पुढची तारीख लिहिणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. तोवर मी गौराईच्या पन्नाशीची काळजी करत होते, त्या दिवसापासून १९ एप्रिलची करू लागले.

मग दर मंगळवार-शुक्रवार. पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांनी त्या दिवशी दुपारी येऊन संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायची मुभा दिली. एसटी सुरू झाल्यावर जाऊन-येऊन १३० रुपये पडायचे, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा ६५. वर्षाचा हिशोब केला तर ही फार मोठी रक्कम आहे. फुकट उपचार म्हणतात तेव्हा गाडीभाडं कुणी धरत नाही.

व्यायाम घरी केले आईंनी, माझ्यापेक्षा जास्त. ह्या मुलांचे सांधे सैल असतात, पाय बेडकासारखे फाकून बसायची सवय लागते आणि मग उभं राहायला उशीर होतो. मॅडमनी सांगितलं पाय जवळ राहिले पाहिजेत. आईंनी जुन्या परकराची एक अरुंद चड्डी शिवली, दोन्ही मांड्या एकत्र राहतील अशी. मॅडमनी त्या चड्डीचा फोटो काढून घेतला. पाण्याची बाटली लांब ठेवायची, म्हणजे पोरगी तिच्याकडे सरकते, हेही आईंचंच डोकं. ज्या बाईने पहिले दोन महिने "माझ्याच पोराच्या नशिबी का" म्हणून देवापुढे बसून काढले, ती बाई आता शेजारणींना सांगायची, "फिजिओ रोज कराय लागतो, गॅप द्यायचा न्हाई."

बसली चौदाव्या महिन्यात. रांगली अठराव्या. मधे वहीत असे महिने आहेत जिथे मी लिहिलंय, 'काही नवीन नाही'. तसे महिने येतात. मला त्यात भीती वाटायची, की आता एवढंच. एकदा तीन महिने काहीच झालं नाही आणि मग एका आठवड्यात टाळ्या, बाय-बाय आणि कुकरच्या शिट्टीची नक्कल, तिन्ही.

कानाच्या चाचणीचं सांगते, कारण त्यात आम्ही चार चकरा मारल्या. बेरा नावाची चाचणी बाळ गाढ झोपलेलं असतानाच होते. म्हणून सकाळपासून जागं ठेवून आणा म्हणतात. आम्ही पहाटे पाचला उठवलं, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, गाणी म्हटली, आणि एसटीत बसल्या बसल्या ती झोपली. दवाखान्यात पोचलो तर टक्क जागी. परत घरी. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी लाइट गेली. चौथ्या वेळी नवऱ्याने आदल्या रात्री दवाखान्याजवळच्या मामांच्या घरी मुक्काम केला आणि सकाळी बाळाला अंगणात घेऊन कोंबड्या दाखवत बसला. चाचणी झाली. एका कानाच्या पडद्यामागे पाणी साठत होतं, औषधांनी आणि लक्ष ठेवून ते निभावलं. ऐकू कमी आलं तर बोलणं आणखी मागे पडतं, म्हणून कानाच्या तपासणीला कंटाळू नका, आणि जमलं तर दवाखान्याजवळ एखादे मामा शोधून ठेवा.

थायरॉइडचंही तसंच. जन्मानंतर, सहाव्या महिन्यात, वर्षाची झाल्यावर आणि मग दरवर्षी टीएसएच बघायचा. गौराईचा वर्षाच्या तपासणीत वाढलेला निघाला. सकाळी उपाशीपोटी छोट्या गोळीची पूड चमच्याभर पाण्यातून, अर्धा तास दूध नाही. डोळे दाखवले, चष्मा सध्या नाही. आणि एक, ह्या मुलांच्या मानेचे सांधे कधी कधी सैल असतात, तेव्हा शेजारची पोरं कोलांटउडी शिकवायला लागली की मी धावते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

२१ मार्च हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस. तिसरा महिना नि एकविसावी तारीख, तीन गुणसूत्रं एकविसावी, असा मेळ. २०२३ साली केंद्रात सगळ्यांनी दोन वेगवेगळे मोजे घालून यायचं ठरलं. आईंनी एसटीत बसेपर्यंत तीनदा सांगितलं, "अगं जोडीचं मोजं हायती की घरात, असली कशाला घातलीस."

१६ फेब्रुवारी २०२४, रथसप्तमी, शेवटच्या दिवसाचं हळदीकुंकू. बायका जमिनीवर बसलेल्या, मध्ये तिळगुळाचं ताट. गौराई खाटेला धरून उभी होती. तिने खाट सोडली आणि चार पावलं टाकून ताटात बसली. हो, ताटातच. दोन वर्षं पाच महिने. कुणी फोटो काढला नाही, सगळ्यांच्या हाताला हळदीकुंकू होतं.

त्याच्या थोडं आधी आम्ही दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे लागलो होतो. मला आधी ते नकोच होतं. एकदा कागदावर शिक्का बसला की तो पुसत नाही, असं वाटायचं. शेवटी केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, शिक्का कागदावर बसतो, मुलीवर नाही, आणि त्या कागदाशिवाय उद्या शाळेत भांडणार कशाच्या जोरावर?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डाऊन सिंड्रोम असा वेगळा प्रकार नाही, आपली मुलं 'बौद्धिक अक्षमता' ह्या प्रकारात येतात. वर्षाच्या आतल्या बाळाला प्रमाणपत्र मिळत नाही. पाच वर्षांपर्यंत विकासातला विलंब म्हणून तात्पुरतं मिळतं, मग नूतनीकरण. अर्ज ऑनलाइन, स्वावलंबन पोर्टलवर. मी ६ नोव्हेंबर २०२३ ला भरला. ओटीपी तिसऱ्या प्रयत्नात आला. रात्री अकरानंतर पोर्टल बरं चालतं.

सरकारी दवाखान्यात प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा वार बुधवार. पहिला बुधवार, २२ नोव्हेंबर, फुकट गेला. गौराईच्या बाल आधारवर नावात एक अक्षर जन्मदाखल्यापेक्षा वेगळं होतं. आधार दुरुस्त करून ६ डिसेंबरला परत. अर्ज भरायच्या आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. मी पतसंस्थेत सह्या ताडणारी बाई, आणि माझ्याच लेकीचं नाव ताडलं नव्हतं.

त्या दिवशी आमच्या पुढे रांगेत एक पंचविशीचा मुलगा होता, त्याच्या आईबरोबर. चेहरा बघताच कळलं. मी त्याच्याकडे टक लावून बघत होते, लोक माझ्या मुलीकडे बघतात अगदी तशी, आणि हे लक्षात येऊन शरम वाटली. त्याने वळून गौराईला बघितलं, खिशातून बिस्किटाचा पुडा काढला, तिला एक दिलं, मला एक दिलं, आणि म्हणाला, "नंबर माझा आधी हाय." मी म्हटलं, "हो दादा, तुमचाच." मग तो सांगायला लागला. तो पिठाच्या गिरणीत डबे उचलून ठेवतो, ज्वारीचा डबा आणि गव्हाचा डबा ओळखतो, शनिवारी गिरणी बंद असते. त्याची आई थकलेली, साधी बाई. मला वाटलं ती काही चार शब्द धीराचे बोलेल. तिने विचारलं, "रेशनकार्डाची झेरॉक्स आणलीस का? आत मागत्यात." मी आणली नव्हती. तिने बाहेरचं दुकान दाखवलं आणि माझा नंबर धरून ठेवला.

खिडकीवर त्याने स्वतःची सही केली. चार अक्षरं, मिनिटभर लागला असेल. मागची रांग कुरकुरली. त्याने पेन बंद करून परत दिलं.

मानसतज्ज्ञांनी गौराईला ठोकळे दिले, पेला दिला, मला पन्नासेक प्रश्न विचारले. एकटी जेवते का, कपडे काढते का, हाक मारल्यावर वळते का. खरं सांगा. आपलं मूल हुशार दाखवायचा मोह होतो, मलाही झाला. २० डिसेंबरला प्रमाणपत्र हातात आलं, ७५ टक्के अक्षमता. नवरा बराच वेळ कागद बघत राहिला आणि म्हणाला, "मला दहावीला पंचावन्न होते. हिला विशेष प्राविण्य." मी हसले आणि मग पार्किंगमध्ये रडले, दोन्ही झालं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, पोस्टाने आलं २ एप्रिल २०२४ ला. चाळीस ते ऐंशी टक्क्यांचं पिवळं असतं.

त्यावर निरामय आरोग्य विमा काढला, केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाचा. पहिल्या वर्षी ५०० रुपये भरले, एक लाखापर्यंतचं संरक्षण, आणि त्यात थेरपीचीही बिलं काही मर्यादेपर्यंत मिळतात. आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत, ही त्यातली मोठी गोष्ट. आमचं उत्पन्न करात बसत नाही, पण ज्यांचं बसतं त्यांनी जुन्या करप्रणालीतली, आपल्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग माणसासाठीची ७५,००० ची वजावट विसरू नये.

शाळेचं अजून चाललंय. एका खाजगी बालवाडीने आधी हो म्हणून मग "बाकीचे पालक काय म्हणतील" असं कारण दिलं. मी कायद्याचा कागद घेऊन जायची तयारी केली होती, पण जिथे तिला नको म्हणतात तिथे रोज चार तास तिला सोडायला माझंच मन झालं नाही. ह्यात मी चुकले असेन. गल्लीतल्या अंगणवाडीत सप्टेंबर २०२४ पासून जाते. सेविकाताईंनी पहिल्याच दिवशी तिला ताटल्या वाटायचं काम दिलं. खिचडी स्वतः खाते, अर्धी सांडते. कधी दार उघडं दिसलं की निघून जाते, म्हणून फ्रॉकला आतून नवऱ्याचा फोन नंबर शिवलाय.

बोलते, पण थोडं. वहीत आजवर एकतीस शब्द आहेत. त्यात 'आई' सोळावा आहे, पहिला होता 'जा'. बाकी खुणा. तिचं बोलणं घरच्यांना कळतं, बाहेरच्यांना नाही, आणि मग ती चिडून चप्पल फेकते. अंगणवाडीतली तिच्या वयाची मुलं कविता म्हणतात तेव्हा माझ्या पोटात अजूनही कालवतं. चार वर्षं झाली तरी कालवतं. त्या बाकावरच्या मुलीने विचारलं होतं, "कधी बरं वाटायला लागतं?" मी तिला म्हटलं, तारीख सांगता येणार नाही, पण शुक्रवारी ये, मॅडम असतात.

नोव्हेंबरमध्ये टीएसएच. फेब्रुवारीत एको. पुढच्या सप्टेंबरात पाच वर्षं पूर्ण, प्रमाणपत्राचं नूतनीकरण, त्यासाठी जुलैपासूनच अर्ज. आणि उद्या शुक्रवार, सव्वासातची गाडी. फाईल मी रात्रीच पिशवीत भरते. गौराईलाही आता भरायला लागतं. मघाशी पिशवी जड लागली म्हणून उघडली तर तळाशी नवऱ्याची पक्कड होती.